तीनबोटे सरांची चावी

तीनबोटे सर आधी मारायचे आणि मग चूक सांगायचे. डाव्या हाताला तीनच बोटं, म्हणून हे नाव, अर्थात त्यांच्या माघारी. आमच्या आयटीआयत ते जलविद्युतचा वर्ग घ्यायचे. इकडे सगळी तूर आणि ज्वारी, वीजघर कुणी पाहिलेलं नाही. पण या वर्गातली पोरं दूरच्या धरणांवर नोकरीला लागत, म्हणून मार खाऊनही कुणी वर्ग सोडत नसे. मी मंठाळची, वर्गात एकटी मुलगी. मला वाटलं, मुलीला मारणार नाहीत. कसलं काय.

त्यांचा हट्ट एकच. टर्बाइनच्या पोटात उतरणारा माणूस आधी पाण्याची झडप बंद करून तिला स्वतःचं कुलूप लावतो आणि खिसे रिकामे करताना चावी बाहेरच्या जोडीदाराकडे देतो. जोडीदारानं ती परत द्यायची फक्त त्यालाच. "ज्याची चावी त्याच्याच हातात," सर रोज म्हणत. एकदा सरावात क्लार्कनं मागितली म्हणून मी चावी देऊन टाकली. सरांनी रबरी पाइप असा हाणला की माझं मनगट टरारून सुजलं.

दुसऱ्या दिवशी अप्पा काठी घेऊन वर्कशॉपमध्ये शिरले. "माझ्या लेकीवर हात कामून उचललास?" म्हणत त्यांनी काठी सरांच्या कपाळावर घातली. रक्त डोळ्यात उतरलं तरी सर हलले नाहीत.

"अजून मारा, अप्पा. पर आधी ऐका. माझा जोडीदार दस्तगीर टर्बाइनात व्हता, त्याची चावी माझ्यापाशी. सायबानं मागितली, म्या दिली. पाणी सुटलं. त्याला वढताना माझी दोन बोटं गेली. त्यो काय निघाला न्हाई." त्यांनी सदऱ्यातून इष्टलिंगाची दोरी ओढली. तिच्यात एक गंजकी चावी ओवलेली होती. "ही त्याचीच. मागनं कुलपातनं काढून घेतली."

अप्पांनी काठी टाकली आणि स्वतःचा टॉवेल त्यांच्या कपाळाला बांधला. घरी जाताना मला एवढंच म्हणाले, "उद्या येळंवर जा." मला दोघांचाही भयंकर राग आला होता. सरांचा तर आजही येतो. चूक तोंडानं सांगितली असती तरी मला कळली असती.

पुढं मी वीजघरात लागले. एका दुपारी माझा जोडीदार मल्लू टर्बाइनच्या आत होता आणि चावी माझ्याकडे. आमचा इन्चार्ज घाईत आला. "तो कवाच बाहेर आलाय. पाणी सोडायचंय, चावी दे."

"त्याला हितं उभा करा, मग देते."

त्यानं माझ्या कानाखाली वाजवली आणि मुठीतली चावी ओढायला लागला. मी दुसऱ्या हातातला पाना त्याच्या बोटांवर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तेवढ्यात खालच्या झाकणातून मल्लूनं काळंकुट्ट डोकं वर काढलं. "अक्का, बत्ती दे की, खाली काय दिसंना झालंय."

मला नोटीस मिळाली. मी सरांना फोन केला.

"चावी?" त्यांनी विचारलं.

"मल्लूच्या हातात दिली."

 मग सर म्हणाले, "मनगट दुखायलंय का गं अजून?" त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मी रडले, आणि थंडीत दुखतं म्हणून सांगितलं.

यंदा सर गेले. राजेश्वरला, त्यांच्या गावी, लिंगायत रीतीनं त्यांना खड्ड्यात बसवलं, तेव्हा पुतण्या वाकून दोरीतली चावी सोडवू लागला. "लोखंड कामून पुरायचं?" तो म्हणाला. मी त्याच्या हातावर फटका मारला, गरजेपेक्षा जोरात.

"राहू दे," मी म्हणाले. "ज्याची हाय त्याला द्यायला चाललेत."