फिरंग्यांच्या बुरुजाशी पाहिलेलं स्थळ

आमच्या बोरिवलीच्या जुन्या गावठाणात पालिकेची एक बाग आहे आणि त्या बागेत किल्ला आहे. किल्ला म्हणजे काय, तर अर्धा बुरूज, छातीएवढी भिंत आणि भिंतीत तोफांसाठी ठेवलेली दोन भोकं. फिरंग्यांनी बांधला, नंतर कुणी ढुंकून बघितलं नाही. आता पालिकेने त्याच्यापुढे सिमेंटचा मोर बसवलाय. किल्ल्याशी मोराचा काय संबंध, ते त्या ठेकेदारालाच ठाऊक. लोक मोराबरोबर फोटो काढतात आणि बुरुजाला टेकून वेफर्स खातात.

तिथे मी छत्तिसाव्या वर्षी एक स्थळ बघायला गेले होते.

घरी बोलवायचं नाही, हा आईचा हुकूम. घरात आम्ही दोघीच. बाबा गेले, भाऊबहीण नाही, आणि आईचे गुडघे पार कामातून गेलेत. वॉकरशिवाय तिला मोरीपर्यंतही जाता येत नाही. "मी समोर दिसले की स्थळं बिचकतात," ती म्हणाली. "बाहेरच भेट. आणि माझा विषय काढू नको. एकदा ठरू दे, मग बघू माझं." मी म्हटलं, मग काय बघणार? तुला माळ्यावर ठेवू? माझी अट एकच होती, आई माझ्याबरोबर राहणार. एवढं कबूल असेल तर माणूस टकला असो, घोरणारा असो, मला चाललं असतं.

जागा त्यानेच सुचवली. म्हणाला, "तुमच्याकडे किल्ला आहे ना? तिथेच भेटू. किल्ले म्हणजे माझा जीव की प्राण!" आला तो काळा टी-शर्ट घालून, छातीवर डोंगर आणि बुरूज छापलेले. किल्ल्याकडे बघून त्याचं तोंड उतरलं. "हा होय? हा तर फिरंग्यांचा." जसं काही मीच त्याला फसवलं होतं.

मग पाऊण तास सह्याद्री. मला एक शब्द बोलू दिला नाही. दर रविवारी गडावर जातो, गोणी भरभरून प्लास्टिकच्या बाटल्या खाली आणतो. एका कॉलेजच्या पोराने तटावर नाव कोरलं, तर त्याला तिथल्या तिथे पन्नास उठाबशा काढायला लावल्या. खरं सांगते, इथवर मला तो बरा वाटला. बडबड्या आहे, पण कशाची तरी चाड आहे, असं वाटलं.

बागेच्या दारातून वडापाव घेतला. खाऊन झाल्यावर या गडप्रेमीने तेलकट कागदाचा बोळा केला आणि तोफेच्या भोकात कोंबला. वर बोटाने आत ढकललाही.

"अहो, हे काय?"

"हा कुठे आपला किल्ला आहे!" हसला.

मी म्हटलं, फिरंग्यांनी स्वतः दगड वाहिले का हो? वाहिले ते इथल्याच माणसांनी ना? तर म्हणे, "तुम्ही फार विचार करता बुवा." स्वतः न करणाऱ्याला दुसऱ्याच्या विचाराचा त्रासच होतो.

आईने बजावलं होतं, तरी मी विषय काढलाच. तो रुमालाने बोटं पुसत राहिला. "बघा, माझे आईवडील घरात आहेत. ते तर आपलेच. तुमच्या आईंची सोय करू की कुठेतरी. कर्जतकडे झकास ठिकाणं झालीत आता. महिन्यातून एकदा भेटून येऊ. माझा ट्रेकही त्याच वाटेवर असतो, म्हणजे वेगळी खेप नको."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी आई याच्या ट्रेकच्या वाटेवर! मी भोकात हात घालून तो बोळा काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. "हा तुमचा आहे, घेऊन जा." आणि मी चालायला लागले.

घरी आले तर आई ठेवणीतली साडी नेसून खुर्चीत बसलेली. वॉकर दिसेना. मुलगा मला सोडायला वर आलाच तर दिसू नये, म्हणून तिने शेजारणीला सांगून वॉकर गॅलरीत ठेवला होता. म्हणजे मी गेल्यापासून बाई जागची हललीच नव्हती.

"काय गं?"

"नाही म्हणून कळव."

"का? काय खोट निघाली?"

"कचरा टाकतो."

"अगं बाई! तुझा बाप जन्मभर गॅलरीतून सिगरेटची थोटकं टाकायचा. मी नाही केला संसार? सारखी नाकाला जीभ लावतेस, अशाने बसशील तशीच." मग आवाज खाली आला. "माझ्यावरनं तर काही नाही ना झालं?"

"तुझ्यावरनं कशाला? तुझं नावसुद्धा निघालं नाही."

मला वाटलं, ऐकून तिला हायसं वाटेल. ती मांडीवरच्या निऱ्या सारख्या करत बसली.

"नावसुद्धा नाही? आई कशी आहे, एवढंही विचारलं नाही मेल्याने?"

"नाही."

"मग जाऊ दे मसणात," आई म्हणाली आणि रडायला लागली.