न हलणारी सायकल

पडदेकाकूंच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन फार छान झालं, असं सगळे म्हणत होते. डॉक्टर म्हणत होते, मुलगा म्हणत होता, सून तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती. काकूंचं दुखणं आता गुडघ्यात नव्हतंच. ते शिवणाच्या खोलीत, खिडकीखाली उभं होतं.

त्या जागी आधी कापड बेतायचं लांब टेबल होतं. काकू इस्पितळातून घरी आल्या तेव्हा टेबल भिंतीला उभं टेकवलेलं, आणि तिथं व्यायामाची सायकल. काळी, चकचकीत, बूड जमिनीला चिकटलेली.

"सरप्राइज!" मुलगा म्हणाला.

"माझी सायकल कुठाय?"

मुलानं सुनेकडे बघितलं, सुनेनं पंख्याकडे.

"दिली गं आई, इस्त्रीवाल्याला. नुसती गंजली असती. आता तू कुठं चालवणार आहेस?"

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाटेत नवा कोरा गुडघा होता, त्यानंही अडवली नाही.

काका गेल्यापासून लोकांच्या घरचे पडदे शिवून काकूंनी संसार ओढला होता. कॅरिअरला कापडाची गुंडाळी, हँडलला पिशवी, पिशवीत टेप आणि टाचण्या. गिऱ्हाइकाच्या दारात उतरायचं, खिडक्या मापायच्या, पडदे शिवून पुन्हा स्वतः जाऊन टांगून द्यायचे. हाच मुलगा त्याच कॅरिअरवर बसून शाळेत गेला होता, आणि उतरताना रोज घंटी वाजवल्याशिवाय हलत नसे. त्यानं ती सायकल देऊन टाकली. कुणाला विचारून?

व्यायाम शिकवणारी मुलगी घरी यायची. पहिल्यांदा त्या काळ्या सायकलचं पायडल मारताना पाय वरच्या बाजूनं फिरेचना, काकू कळवळल्या आणि त्या पोरीला नाही नाही ते बोलल्या. पोरगी गुणी, हसली नुसती. मग एके दिवशी पाय पुरा फिरला. तेव्हापासून काकू त्या सायकलवर रोज बसत, कडू काढा घ्यावा तशा. समोर भिंत, हँडलवर नातवाची ओली चड्डी आणि सुनेचा टॉवेल.

"छान चाललंय की आई," सून डोकावून म्हणायची.

"हो तर. टॉवेलापर्यंत पोचलेय. चड्डी गाठली की कळवते."

सकाळी देवापुढे हात जोडताना त्या पुटपुटत, "देवा, तुझ्याबद्दल तक्रार नाही. गुडघा झिजवला मी, नवा मिळाला तो तुझ्या कृपेनं. पण ह्या घरातल्या माणसांच्या एक थोबाडीत ठेवून दे. हलकीच."

देवानं अर्थातच मनावर घेतलं नाही. उलट दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "काकू, दवाखान्याला नवे पडदे करायचे होते, पण तुमचे चिरंजीव म्हणाले, आईनं काम सोडलं. म्हणून दुकानातून मागवतेय. म्हटलं एकदा तब्येत विचारावी."

"तब्येत ठणठणीत आहे," काकू म्हणाल्या. "दुकानाला नाही म्हणून सांगा. माप घ्यायला मी येते."

काकूंनी फोन आपटला. सायकल गेली ते एक. आता त्यांच्या तोंडानं हा परस्पर बोलूही लागला! संध्याकाळी व्यायामवाल्या मुलीनं मुलासमोरच सांगितलं, "काकूंनी बाहेर चालवायला आता हरकत नाही. मधला दांडा अगदी खाली असलेली घ्या. डाव्या पायावर भार देऊन चढू नका, उजव्या बाजूनं चढा. चढण आली की उतरा."

"छे छे," मुलगा म्हणाला. "पडली म्हणजे?"

"पडले तर उचल."

"आई, हट्टीपणा करू नकोस हं."

हा 'हं' काकूंच्या कानात रात्रभर डासासारखा घोंघावला. नातवाला औषध पाजताना लावतात तो हा 'हं'.

सकाळी त्या काठी टेकत तरातरा इस्त्रीवाल्याकडे गेल्या. सायकल टपरीला टेकून उभी होती. सीट खाली केलेली, साखळीला ताजं तेल, आणि कॅरिअरवर कपड्यांचं हे एवढं गाठोडं. चार ठेवणीतल्या शिव्या काकूंनी वाटेतच जुळवून ठेवल्या होत्या.

"साहेब म्हणाले, काकूंचे सायकलचे दिवस संपले," इस्त्रीवाला ओशाळून म्हणाला. "मी आता लांबच्या बिल्डिंगांतलेही कपडे घेतो. पण तुमचीच आहे. न्या, काकू." आणि तो गाठोडं सोडायला लागला.

"राहू दे," काकू खेकसल्या. "आणि घंटी सैल झालीय, ती आवळ!"

धड त्याच्यावर रागावण्याचीही सोय राहिली नव्हती. तो सगळा राग घेऊन त्या तशाच सायकलच्या दुकानात गेल्या. एक खाली दांड्याची सायकल बाहेर काढायला लावली. जन्मभर डाव्या बाजूनं चढलेलं माणूस. उजवीकडून चढायचं म्हणजे डाव्या हातानं सही करण्यासारखं. चांगल्या पायावर उभं राहून नवा पाय दांड्यापलीकडे टाकला, रेटा दिला, आणि सायकल वळून सरळ टायरांच्या ढिगात.

"काकू, राहू द्या," दुकानदार धावला. "घरी कुणी मोठं माणूस असेल तर..."

"मीच आहे मोठं माणूस!" काकू कडाडल्या. "हात काढा."

दुसऱ्यांदाही टायरच. तिसऱ्यांदा मात्र त्या गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या, आणि लाल तोंडानं परत आल्या. "व्यायामाची सायकल बदल्यात घेता का? कोरी आहे. टॉवेल वाळवण्यापलीकडे कष्ट झालेले नाहीत."

दुपारी दुकानाचा टेम्पो आला, एक नेली, एक ठेवली. काकूंनी टेबल परत खिडकीखाली ओढून घेतलं.

मुलगा संध्याकाळी आला तो शिवणाच्या खोलीच्या दारातच थबकला. "आई! एवढी महागाची वस्तू! कुणाला विचारून दिलीस?"

"तू माझी देताना ज्याला विचारलंस, त्यालाच."

"अगं, मी तुझ्या काळजीपोटी..."

"काळजी होती तर विचारायचं होतंस. माझी सायकल दिलीस, माझं काम माझ्या तोंडानं बंद केलंस. गुडघा बदललाय रे माझा. जीभ जुनीच आहे!"

नातू खुदकन हसला. मुलगा हसला नाही.

दुसऱ्या दिवशी काकू निघाल्या. मुलगा फाटकाशी हाताची घडी घालून उभा. 'सावकाश जा' त्याच्या ओठांवर आलं होतं, ते काकूंना दिसलं, पण त्यांनी ऐकायला थांबायचं टाळलं. उजव्या बाजूनं चढल्या, जरा डगमगल्या, गेल्या. चढणीला उतरून चालत गेल्या, आणि कुणी बघितलं असेल तर बघू दे म्हणाल्या.

दवाखान्यात त्या जुना पडदा खिडकीवर धरून नव्याची लांबी बेतत होत्या, तेव्हा पिशवीतला फोन वाजला. डॉक्टरीणबाईंनी काढून बघितला. "चिरंजीव आहेत. देऊ?"

काकूंनी मान हलवली. नाही. तोंडात टाचण्या होत्या. आणि नसत्या, तरी उचलला नसता.