ग्लिनच्या नावावरची गाणी

डडलीजवळच्या नेदरटनमध्ये नॉर्मा ट्रँटर साखळ्यांच्या कारखान्यात कामाला होती. तिचा बाप तिथेच घण मारून मारून छातीच्या दुखण्यानं गेला. तो गेला त्या संध्याकाळी उशाशी एकटी नॉर्मा होती; धाकटा भाऊ ग्लिन बर्मिंगहॅमच्या कुठल्याशा पबात गिटार बडवत होता.

ग्लिनचा हात गोड, पण शब्दांच्या नावानं शंख. गाणी नॉर्माच रचायची. बटाटे सोलता सोलता चाल गुणगुणायची. ग्लिन ती गिटारवर उचलायचा आणि तिला घणाच्या ठोक्यांचं वजन द्यायचा. बापावरचं गाणंही असंच झालं.

एकाहत्तर साली लंडनच्या एका कंपनीनं ग्लिनच्या बँडची लाँग प्ले रेकॉर्ड काढली. नॉर्मानं रेकॉर्डचं पाकीट उलटून पाहिलं. सगळी गाणी ग्लिन ट्रँटरची.

"छापताना चुकलं वाटतं," ती भावाला म्हणाली.

"चुकलं नाही गं. असल्या दणदणीत गाण्यांवर बाईचं नाव शोभत नाही, कंपनीवाले म्हणाले. आणि नाव कुणाचं का असेना, घरातच राहिलं ना?"

"घरातच ठेवायचं होतं, तर माझं ठेवायचंस."

ग्लिन वरमला. "बरं बाई, डडलीच्या कार्यक्रमात सगळ्यांसमोर सांगतो. बाबांची शपथ."

हॉल खच्चून भरला होता. कारखान्यातली निम्मी माणसं आली होती. आई हिल्डा नवी टोपी घालून पहिल्या रांगेत, शेजारी नॉर्मा. ग्लिन माइकपाशी आला.

"हे गाणं," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "माझा बाप गेला तेव्हा त्याचा हात हातात धरून मी रचलं."

हॉल दणाणला. नॉर्माला कुणी भर चौकात थोबाडीत मारल्यासारखं झालं. तिनं आईकडे पाहिलं. आई टाळ्या वाजवत होती.

बसच्या थांब्यावर नॉर्मानं विचारलं, "आई, बाबांचा हात कुणाच्या हातात होता?"

"तुझ्या."

"आणि गाणं?"

"तुझंच की. मी काय बहिरी आहे? स्वयंपाकघरात रोज ऐकत होते."

"मग टाळ्या कसल्या वाजवत होतीस?"

"पोराचं आत्ता कुठे मार्गी लागतंय, नॉर्मा. तू कारखान्यातली बाई. तुला त्या नावाचं काय लोणचं घालायचंय?"

भावानं केसानं गळा कापला, ते तिनं एक वेळ गिळलं असतं. आईचं हे बोलणं मात्र गळ्याखाली उतरेना. आठवड्याच्या आत तिनं घर सोडून जवळच्या क्रेडलीत खोली घेतली. रविवारी ती आईकडे जायची, वाटाणे शिजवायची, भांडी घासायची. पण त्या स्वयंपाकघरात तिनं पुन्हा सूर काढला नाही.

ग्लिनची दुसरी रेकॉर्ड सपशेल पडली. एके दिवशी दुपारच्या सुट्टीत तो कारखान्याच्या फाटकाशी उभा राहिला, खांद्यापर्यंत केस, पायात चकचकीत बूट.

"नॉर्मा, एखादी चाल सुचलीय का गं? या वेळी तुझं नाव घालतो. देवाशप्पथ!"

नॉर्मानं तेलकट हात फडक्याला पुसले.

"आईला विचार," ती म्हणाली. "तिच्या कानावर सगळं असतं."

आणि भोंगा व्हायच्या आधीच ती आत निघून गेली.