रागातली सही

चेक हातात आला की रक्कम ते नंतर वाचत. लेकराच्या कपाळाला हात लावून ताप पाहावा तशी बोटांची उलटी बाजू आधी माझ्या सहीवर टेकवत, चष्म्यावरून माझ्याकडे पाहत आणि म्हणत, "गरम आहे, भाऊ. बसा थोडं."

आणि मी बसत असे. पांढुर्ण्याच्या बाजारात मला बसवणारा माणूस तोवर जन्मला नव्हता. स्टेशनवर संत्र्यांच्या पेट्या उचलत होतो तेव्हाही मी कोणाचं ऐकून घेतलं नाही, आणि पुढे बगीचे घ्यायला, म्हणजे झाडावरचा माल उभाच विकत घ्यायला लागलो तेव्हा तर नाहीच. पण बँकेच्या त्या जाळीमागच्या माणसापुढे माझं काही चाललं नाही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दिसायला अगदी साधी, मऊ बोलणारी. पण हलवायला जावं तर हलत नाहीत.

ते शाखेचे अकाउंटंट होते. राहायला सौसरला. रोज सकाळच्या बसने डबा घेऊन यायचे आणि संध्याकाळच्या बसने परत. मॅनेजर येत, दोन-तीन वर्षांत बदलून जात. हे मात्र तिथेच. गावात त्यांना नुसतं 'साहेब' म्हटलं तरी कळायचं, आणि मॅनेजरला मात्र 'मॅनेजर साहेब' असं पूर्ण म्हणावं लागायचं.

माझ्या सह्या दोन आहेत हे मला त्यांनीच दाखवलं. खातं उघडायच्या दिवशी मी धुतलेला सदरा घालून गेलो होतो. ओळख द्यायला शेजारचा किराणावाला सोबत होता. सहीच्या नमुन्याच्या कार्डावर मी नाव कसं काढलं होतं म्हणता! एकेक अक्षर सुटं, वर रेघ, खाली रेघ, शेवटी दोन टिंबं. ती माझी थंड सही. पण माझा धंदा भाव करण्याचा. भाव करताना माझं डोकं तापतं, आणि डोकं तापलं की तीच सही हातातून आसूड सुटल्यासारखी होते. अक्षर एकही नाही, नुसता फटकारा.

आता मूळ गोष्ट सांगतो, जिच्यासाठी मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

तेव्हा मी नागपूरच्या एका व्यापाऱ्यासाठी माल घेत होतो. पैसा त्याचा, पाय माझे. दर हंगामाला त्याच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहायचं, तो देईल ते घ्यायचं आणि त्याच्या नावाच्या पेट्या भरायच्या. एकदा तरी आपल्या नावावर बगीचा घ्यायचा, एवढंच डोक्यात होतं. लोधीखेड्याकडे एक बगीचा हेरला. फांद्यांना टेकू द्यावे लागले होते, असा माल. मालक मोठा चिवट. सकाळी बोलणं सुरू झालं ते दुपार टळेपर्यंत. दोनदा मी उठून रस्त्याला लागलो, दोनदा त्याने हाक मारली. शेवटचा आकडा काही केल्या खाली येईना. अखेर उपड्या पेटीवर चेकबुक ठेवून मी इसाराचा चेक फाडला. सही कशी झाली असेल ते तुम्हाला आता सांगायला नको.

दोन दिवसांनी तो मालक चेक वटवायला पांढुर्ण्याला आला. मी त्या दिवशी तिगावला. साहेबांनी कार्ड काढलं, चेक त्याच्या शेजारी ठेवला आणि शांतपणे सांगितलं की सही जुळत नाही, खातेदाराला घेऊन या. मालकाला तो अपमान वाटला. चारचौघांत चेक परत. तो तसाच घरी गेला.

मला संध्याकाळी कळलं. बँकेचं दार लागत होतं. मी त्यातूनच आत शिरलो. मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. मला रोज पाहता, माझा आवाज रस्त्यावरून ओळखता, आणि माझा चेक परत करता?

ते डबा पिशवीत ठेवत होते. म्हणाले, "तुम्हाले ओळखतो म्हणूनच परत केला. उद्या कोणी तुमच्या बुकातला कागद चोरून अशीच रेघोटी मारून आणली, अन् मी पैसे देऊन देले, त तुम्ही मले काय म्हणान?"

उत्तर होतं, पण ते ऐकायला थांबले नाहीत. त्यांच्या बसची वेळ होत आली होती.

माझीही तीच बस होती. खात्यातले पैसे आता सकाळीच मिळणार होते. बँकेवर माझा तेव्हाही पूर्ण भरोसा नव्हता, त्यामुळे घरातल्या पेटीत रोकड होती. धावत घरी जाऊन ती पिशवीत घातली आणि लोधीखेड्याला निघालो. साहेब पुढच्या बाकावर, मी मागे. सौसर येईपर्यंत मी बँकेचा उद्धार केला. नाव घेतलं नाही, पण बोट कोणाकडे आहे हे कंडक्टरलाही कळत होतं. बसमधल्या बायाही माझ्या बाजूने बोलायला लागल्या. एकीच्या भावाचे पैसे म्हणे असेच अडकवून ठेवले होते. साहेब खिडकीबाहेर पाहत होते. सौसरला उतरताना माझ्याजवळ थांबले आणि हळूच एवढंच म्हणाले, "पिशवी मांडीवर घ्या, भाऊ. झोपू नका."

लोधीखेड्याला पोचलो तर मालकाच्या ओसरीवर दुसरा व्यापारी चहा पीत बसलेला. बगीचा गेला होता. मी रोकड दाखवली. मालक खाली पाहत म्हणाला, "तुम्ही आले, हे खूप झालं. पण आता जबान देऊन बसलो ना मी."

त्या वर्षी त्या बगीच्याने कोणाचं घर बांधलं ते मला माहीत आहे. त्या घरावरून मी आजही जातो तेव्हा मान दुसरीकडे वळवतो.

पुढच्या हंगामाआधी मी मॅनेजरकडे लिमिट मागायला गेलो. म्हणजे हंगामात बँकेचा पैसा उचलायचा, माल विकला की भरायचा. लिमिट मिळालं की नागपूरची पायरी सुटली. मॅनेजरने माझं खातं पाहिलं. खातं नवं, त्यात वर्दळ नाही, आणि एक चेक परत. म्हणाले, तुमची पत अजून तयार झालेली नाही.

पत! अख्खा बाजार माझ्या शब्दावर माल सोडत होता. मी खुर्ची मागे सारून बाहेर आलो. जाळीमागून साहेब म्हणाले, "बाजाराले माहीत आहे. कागदाले माहीत नाही. कागदाले सांगाचं त त्याच्या भाषेत सांगा लागते."

ती भाषा त्यांनी मला शिकवली आणि शिकवताना पार पिडलं. विक्रीचा पैसा घरच्या पेटीत ठेवायचा नाही, खात्यातून फिरवायचा. आणि पेट्यांचं लाकूड घ्यायला एक लहानसं कर्ज काढायचं. मी म्हटलं, लाकडाचे पैसे माझ्याजवळ आहेत. ते म्हणाले, म्हणूनच काढा. गरज नसताना व्याज भरायचं, हे माझ्या सात पिढ्यांत कोणी केलं नव्हतं. मी व्याजावर घासाघीस सुरू केली. अर्धा टक्का तरी सोडा म्हटलं. त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, पाटी तुमच्या बँकेनेच लिहिली ना, मग पुसताही येईल. तेव्हा मात्र ते हसले. पाटी पुसली नाही.

पहिला हप्ता भरला आणि दुसऱ्या महिन्यात मी सगळे पैसे घेऊन उभा राहिलो. हे घ्या, मोकळं करा. त्यांनी एका हप्त्याचे घेतले आणि बाकीचे जाळीखालून परत सरकवले.

"एकदम फेडलं त तुमच्याजवळ पैसा आहे एवढंच कळन," ते म्हणाले. "दर महिन्याले आठवणीनं येता, हे कसं कळन?"

फेडायला आलेल्या माणसाला परत पाठवणारी बँक मी त्यानंतर पाहिली नाही.

सहीचं दुखणं उरलंच होतं. त्यावर उपाय माझा मीच काढला. एका सकाळी आंघोळ करून, चहा घेऊन, कोणाशी एक शब्दही न बोलता बसलो आणि अख्ख्या चेकबुकावर सह्या करून टाकल्या. सगळ्या थंड, सगळ्या सुरेख, दोन-दोन टिंबांसकट. आता बगीच्यात कितीही भांडलो तरी फक्त रक्कम लिहायची! एवढी अक्कल कोणाला सुचली नसेल, म्हणून बुक घेऊन साहेबांना दाखवायला गेलो.

त्यांनी एक पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. हे बुक घेऊन मी बाजारातून चालत आलो का, असं विचारलं. हो म्हटलं, वाटेत पानाच्या ठेल्यावर ठेवलंही होतं. त्यांना रागावलेलं मी तेव्हा एकदाच पाहिलं. रागावले म्हणजे काय, आवाज तेवढाच, पण चष्मा काढून ठेवला. मग आम्ही दोघांनी बसून ती सगळी पानं फाडली. एवढ्या सुंदर सह्या मी पुन्हा कधी केल्या नाहीत.

तुम्ही म्हणाल, हा माणूस भाव करणाराच नव्हता. तसं नाही. संध्याकाळी बसस्टँडवर माझ्याच माणसाकडून ते संत्रे घेत, आणि घासाघीस अशी करत की मी लांबून पाहत राहायचो. वर दोन फळं टाकून घेण्यासाठी त्यांनी बसही सोडली असती. मी एकदा टोपली भरून पाठवली होती. तिचे पैसे दुसऱ्या दिवशी बरोबर बाजारभावाने आले, सोबत दोन डागी फळंही परत आली.

लिमिटचा अर्ज पुन्हा गेला तेव्हा मॅनेजर नवे होते. मला समोर बसवून त्यांनी साहेबांना बोलावलं. खातं ठीक आहे, हप्ते वेळेवर आहेत, पण मागे एक चेक परत गेला आहे, त्याचं काय? माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. ज्याने परत केला त्यालाच विचारत होते. हा माणूस आता पुन्हा माझा बगीचा घालवणार, असं मला वाटलं.

साहेब उभ्यानेच म्हणाले, "मीच परत केला होता, सर. अन् त्याच संध्याकाळी हे रोख घेऊन लोधीखेड्याले गेले. मी त्याच बसमध्ये होतो."

"तुम्हाला काय माहीत, कशासाठी गेले?" मॅनेजरने विचारलं.

"पूर्ण रस्ता मले शिव्या देऊन राहिले होते न. त्यातच सगळं सांगितलं."

मॅनेजर हसले. साहेब हसले नाहीत. माझ्याकडे पाहिलंही नाही. लिमिट मंजूर झालं. त्या वर्षी नागपूरच्या व्यापाऱ्याचा निरोप आला, तेव्हा माझ्या पेट्यांवर माझं नाव छापलं जात होतं.

तरीही मी त्यांना विचारलंच. एकदा तरी म्हणा की तो चेक पास करायला पाहिजे होता. ते म्हणाले, "नाही म्हणणार, भाऊ." पुढे दर हंगामाला विचारलं, दर हंगामाला तेच.

मग एका उन्हाळ्यात त्यांची बढतीवर बदली झाली, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. मी बगीच्यात होतो. परत आलो तर जाळीमागे एक तरुण साहेब. सौसरचं घर बंद होतं.

त्यानंतर काही महिन्यांनी एका बगीचेवाल्याला घेऊन मी बँकेत गेलो. वाटेतच आमचं जुंपलं होतं. आतही जुंपलेलंच होतं. त्याच तावात काउंटरवर चेक फाडला. तरुण साहेबाने माझ्याकडे पाहून नमस्कार केला, चेकवर शिक्का मारायला हात उचलला. मी म्हटलं, थांबा. कार्ड काढा. तो हिंदीतून म्हणाला, शेठजी, तुमचं कार्ड काय पाहायचं, तुम्हाला इथे कोण ओळखत नाही?

"काढा म्हटलं ना."

त्याने काढलं. चेक शेजारी ठेवला. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, आणि ओशाळून माझ्याकडे पाहिलं.

"जुळते का?"

त्याने मान हलवली. नाही.

"मग परत करा," मी म्हटलं.

बगीचेवाला घाबरला. "का होऊन राहिलं, भाऊ? पैसे नाहीत का?"

पैसे होते. मी त्याला दंडाला धरून भिंतीजवळच्या बाकावर नेलं आणि त्याच्या शेजारी बसलो. "बसा थोडं," म्हटलं. "दुसरा लिहून देतो."