दह्यातली गोळी

सुई दिसली की माझी नऊ वर्षांची लेक दवाखाना डोक्यावर घ्यायची. तिला फिट यायच्या. रक्तात औषध पुरेसं आहे का, हे अधूनमधून तपासावं लागे, आणि शीर सापडेपर्यंत मी आणि नवरा तिला दाबून धरायचो. मग घरी येईपर्यंत ती माझ्याशी बोलायची नाही. तिच्या औषधाचं प्रमाण लाळेतूनही मोजता येतं असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मला ती थट्टाच वाटली. थुंकून कुठं असलं काही कळतं?

लॅबमधल्या बाईंनी फोनवर एकच बजावलं, सकाळची गोळी नमुना दिल्यावरच द्यायची. मी हो म्हटलं. पण गारखेड्यातून निघताना माझा धीर सुटला. क्रांती चौकातल्या गर्दीत रिक्षातच फिट आली तर? आमच्याकडं महत्त्वाच्या कामाला निघताना हातावर दही-साखर देतात. त्या दह्यात मी गोळी कुटून घातली आणि वर 'बाईंना सांगू नको' म्हणून लेकीला पढवलं. शहाणपणा नुसता उतू चालला होता माझा.

लेकीनं छोट्या डबीत निमूट लाळ दिली. कुणी तिला धरलं नाही, ती रडली नाही. मी खूश.

दुपारी बाईंचा फोन आला. "ताई, सकाळी गोळी दिली होती का?"

"नाही," मी तोऱ्यात म्हटलं.

"आकडा लई जास्त आलाय. तोंडात औषध चिकटून राहिलं की असं होतं. हा असाच पाठवला तर डॉक्टर डोस कमी करतील, अन् पोरीला फिट येतील. मी रागवणार नाय, खरं तेवढं सांगा."

मी सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "व्हय, आईला भीती वाटणारच. उद्या या. मी लवकर येते, म्हणजे गोळीला उशीर होणार नाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तर त्या किल्ली घेऊन दारात उभ्या. लेकीला चूळ भरायला लावली, थोडा वेळ तिच्याशी शाळेच्या गप्पा मारल्या, मग डबी पुढं केली. नमुना झाल्याबरोबर गोळीसाठी स्वतःच पाणी आणलं. पहिला नमुना त्यांनी रद्द केला होता. कारण लिहिलं होतं, 'तोंडात औषधाचा अंश.' माझी लबाडी त्यात कुठंच नव्हती. मशीननं दिलेल्या आकड्यावर संशय घेणारं आणि खोटं बोलणाऱ्या आईला असं सांभाळून घेणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

खरा आकडा कमी निघाला. डॉक्टरांनी डोस वाढवला. माझ्या दह्याच्या भरवशावर मुळात कमी असलेलं औषध आणखी कमी झालं असतं, हे कळलं तेव्हा मी ओट्याला टेकून रडले.

वर्ष उलटलं, फिट आली नाही. फिट येणाऱ्या लेकराला न्हाणीघराची कडी आतून लावू देत नाहीत. कितीतरी वर्षं मी दाराबाहेर उभी राहून तिला हाका मारत आले. आता हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले, आणि गेल्या रविवारी तिनं पहिल्यांदा आतून कडी लावली. मी स्वयंपाकघरातून हलले नाही. ती बाहेर येईपर्यंत कणीक तिंबत राहिले.