स्कॉटलंडला निघालेले काका

अमेरिकेतल्या वाळवंटी चँडलरच्या रणरणत्या उन्हात गळ्यात लोकरीचा मफलर गुंडाळून फिरणारा माणूस मी एकच पाहिला. पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. आम्ही त्यांना स्कॉटलंडकाका म्हणायचो. काका तोवर स्कॉटलंडला गेले नव्हते, जायचे होते. "थंडीची सवय करतोय रे," म्हणायचे. मी म्हणायचो, "काका, ही उकडायची सवय होतेय!" हसायचे.

त्यांचे जुने बॉस रिटायर होऊन तिकडे आपल्या गावी परतले होते. त्यांनी नव्या वर्षाला बोलावलेलं. मग काय, काकांना दुसरा विषयच नाही. मेंढीच्या पोटाची पिशवी करून त्यात काळीज आणि ओट्स भरून शिजवतात, हे ऐकून पॉटलकला, म्हणजे घरोघरचे डबे आणून जेवायला जमलेल्या काकू मंडळी 'ईऽऽ' करायच्या. काका म्हणायचे, "बोकडाची वजडी खाऊन वाढलोय मी. मला काय घाबरवता?" गाडीत बॅगपाइप या तिकडच्या वाद्याची कॅसेट. मी नाक दाबून तो आवाज काढला की सगळ्यात मोठ्यानं तेच हसायचे. आमच्या गावच्या शाळेत नकलांपायी मी मार खाल्लेला. वन्स मोअर देणारे हे पहिलेच.

खरी ओढ वेगळीच होती. तिकडे म्हणे, नवं वर्ष लागल्यावर घरात पहिलं पाऊल काळ्या केसांच्या पुरुषानं टाकलं की वर्षभर भरभराट होते. हातात कोळसा आणि बिस्किटं हवीत. बॉसनी तो मान काकांना दिला होता. काका बार्बेक्यूचा कोळसा घेऊन स्वतःच्याच दारात प्रॅक्टिस करायचे. पिकायला लागलेले केसही रंगवले. त्या केसांवर मी आमच्या मराठी मंडळात चिक्कार हशा घेतला. आता आठवलं की मान वर होत नाही.

कारण पुढच्याच आठवड्यात गाडीत ते म्हणाले, "माझ्या जन्माच्या वेळीच आई गेली. मग वडिलांचं दुकान बसलं. गावात मला पांढऱ्या पायाचा म्हणायचे. कुणी कामाला निघालं की आत्या मला न्हाणीत उभं करायची. इंजिनिअर माणूस मी, असल्या गोष्टीसाठी विमानानं निघालोय, लाज वाटते बघ. पण एकदा वाटतं रे, आपण यावं म्हणून कुणीतरी दार उघडून उभं असावं."

मी हात लांब करून बॅगपाइपची कॅसेट बंद केली.

नोव्हेंबरात मी नवं अपार्टमेंट घेतलं. काका सामान हलवायला आले. भांड्यांचं खोकं घेऊन माझ्याआधी दाराशी पोचले. मी कुलूप काढलं. 'काका, तुम्ही आधी,' अगदी ओठांवर होतं. पण माझं ग्रीन कार्ड अडकलेलं, गावाकडे लग्नाचं बोलणं चाललेलं. मी दाराची मूठ धरून तसाच उभा राहिलो. क्षणभरच.

काकांनी खोकं खाली ठेवलं आणि ते वाकले. "तू हो पुढं. माझ्या बुटाची लेस सुटलीय."

मी झटकन आत गेलो. मग वळून पाहिलं. काका बाहेर अजून वाकलेलेच होते. पायात चपला होत्या.