हळूबाई आणि ओली नाळ

हळूबाईंनी मला एकच प्रश्न दोनदा विचारला होता आणि दोन्ही वेळा मी खोटं बोललो. हे आजवर मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

हळूबाई हे त्यांचं खरं नाव नव्हे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका दवाखान्यात, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या खोलीत त्या सिस्टर होत्या. उंच, रुंद हाडाच्या बाई. पण त्यांच्या चपलेचा आवाज कधी कोणी ऐकला नाही. दार आपटू नये म्हणून त्याच्या फटीत त्यांनी जुन्या लुगड्याची घडी अडकवून ठेवलेली असे. बाळाच्या काचेच्या पेटीवर कोणी फाईल ठेवली की लगेच उचलायच्या. "तुमच्यासाठी फाईल हाय, आतल्याले आभाळ गडगडल्यावानी वाटते." मोबाइलवर मोठ्यानं बोलणाऱ्या एका बापाला त्यांनी सुनावलं होतं, "काऊन ओरडून राह्यले भाऊ? कापसाचा लिलाव हाय का इथं?" बाकी सगळ्यांना, अगदी मोठ्या डॉक्टरांनाही, एकच शब्द: "हळू." बाहेर बाकड्यावर बसणाऱ्या आम्हा लोकांनीच त्यांचं हे नाव पाडलं.

तेरा वर्षं झाली. सातव्या महिन्यात माझ्या बायकोचं बीपी एकदम चढलं. समुद्रपूरहून ॲम्ब्युलन्सनं नेलं आणि त्याच दुपारी मुलगा झाला. फळा पुसायचे दोन डस्टर एकापुढे एक ठेवावेत, एवढाच. हळूबाईंनी त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना कापडाच्या गुंडाळ्या लावल्या, मान सरळ राहावी म्हणून. मला म्हणाल्या, "मास्तर, याच्या मेंदूतल्या शिरा अजून कच्च्या हायेत. ओल्या कागदावानी. गारठा लागला, मान वाकडी झाली, झटक्यानं उचललं, तरी आत रक्त येऊ शकते. पयले तीन दिवस लय जपा लागते. तुम्ही दुरूनच पाहाजा."

प्रत्येक बापाला त्या काही प्रश्न विचारायच्या आणि उत्तरं शाळेच्या दोनशे पानी वहीत लिहायच्या. हे त्यांचं काम नव्हतं. कागद डॉक्टर भरायचे. पण त्यांचं म्हणणं असं, की डॉक्टरांसमोर माणूस शहाण्यासारखं बोलतो आणि सिस्टरसमोर खरं. चूल की गॅस? बिडी कोण ओढतं? बाळंतिणीला ताप होता का? ही उत्तरं मी खरी दिली. मग त्यांनी विचारलं, "बायको नात्यातली हाय का? घरात कोणाचं रक्त थांबत नाई, एखाद्या लेकराची नाळ वाळलीच नाई, असं काई?"

बायको माझ्या मामाची मुलगी. माझी आईही वडिलांच्या मामाचीच मुलगी. आमच्याकडे ही रीतच. आणि माझ्या आधीची आईची दोन लेकरं ओल्या नाळेनं गेली होती. बेंबीतून आठ-आठ दिवस रक्त पाझरत राहिलं आणि ती गेली. घरात हा विषय कोणी काढायचा नाही, एवढं मला कळत्या वयापासून माहीत होतं.

त्या वेळी माझ्या शेजारी सिंदी गावच्या एक बाई उभ्या होत्या. माझ्या धाकट्या बहिणीची सोयरीक तिथं चालू होती, आणि या त्या नवऱ्या मुलाच्या आत्या. बाळाला पाहायला म्हणून आलेल्या. मी म्हणालो, "नाही. असं काही नाही."

दुसऱ्या दिवशी हळूबाईंनी मला एकट्याला बाजूला घेतलं. "मास्तर, काल टाचेतून रक्त घेतलं, तिथून अजून पाझरून राह्यलं. म्हणून पुन्हा इचारून राह्यली. कोणाले सांगत नाई मी. आठवून पाहा."

आत्याबाई गेल्या होत्या. आजूबाजूला कोणी नव्हतं. तरी मी आवाज चढवून म्हणालो, "एकदा नाही म्हटलं ना सिस्टर!"

"हळू," त्या म्हणाल्या आणि वही मिटली.

तिसऱ्या दिवशी बाळाची टाळू टणक झाली. मेंदूत रक्तस्राव झाल्याचं सोनोग्राफीत दिसलं. पाचव्या दिवशी बाळ गेलं.

माझ्या आईनं व्हरांड्यात आकांत मांडला. "या बाईनंच सकायी त्याची कूस बदलली! मी काचेतून पायलं. हिच्याच हातानं गेलं माह्यं लेकरू." हळूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. आईला लिहिता येत नाही. तक्रारीचा अर्ज मी लिहिला. माझं अक्षर वळणदार आहे, शाळेत सुविचार मीच लिहितो. त्याच अक्षरात लिहिलं, ‘सिस्टरच्या निष्काळजीपणामुळे’. खाली सही केली.

त्यांना बाळांच्या खोलीतून काढून इंजेक्शनच्या खोलीत बसवलं. सिंदीकरांचा होकार पंधरा दिवसांत आला.

दोन वर्षांनी मुलगी झाली. दिवस पूर्ण भरलेली, पण नाळ ओली. या वेळी मी नागपूरला डॉक्टरांना, ते विचारायच्या आत, घराण्यातलं सगळं सांगितलं. तपासणीत निघालं, की रक्त घट्ट धरून ठेवणारा एक घटक तिच्यात जवळजवळ नाहीच. त्यावर उपाय होता. आज ती अकरा वर्षांची आहे, दर महिन्याला इंजेक्शन घेते आणि वर्गात सगळ्यांत जास्त बोलते. मी डॉक्टरांना पहिल्या बाळाबद्दल विचारलं. ते म्हणाले, "आता नक्की सांगता येणार नाही. दिवस कमी होते, तेवढंही कारण पुरतं. रक्तातला दोषही असेल, दोन्ही मिळूनही असेल. आधी कळलं असतं, तर प्लाझ्मा देऊन पाहिला असता."

गेल्या वर्षी कळलं, की हळूबाई निवृत्त होऊन गिरडला राहतात. सांगायचंच असं ठरवून एसटीनं गेलो. दाराच्या फटीत कापडाची घडी होती. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"या मास्तर. बसा."

चहा झाला. त्यांनी मुलाबाळांचं विचारलं; एक मुलगी आहे, शाळेत जाते, एवढंच मी सांगितलं. नाळेचं बोललो नाही. मग त्यांनी स्वतःचे हात मांडीवर उलटे-सुलटे करून पाहिले.

"तुमच्या लेकराची कूस मीच बदलली होती. हळूच बदलली होती, असं मले वाटते. पन आता खात्री नाई राह्यली. इतके वर्स झाले, रोज तोच हात आठवून पाहून राह्यली. पोरीले बाळ झालं तवा मी त्याले घेतलंच नाई. म्हटलं, तुमीच घ्या."

मी कपबशी खाली ठेवली. म्हणालो, "पाचची गाडी चुकेल."

त्या फाटकापर्यंत आल्या. "येजा मास्तर. हळू जाजा, उतार हाय."

हळूबाईंना मी एक ‘हो’ देणं लागतो. तो तोंडी चालणार नाही. अर्ज ज्या अक्षरात लिहिला, त्याच अक्षरात, सहीनिशी द्यावा लागेल. तो अजून दिलेला नाही.